सीतेच्या वेणीला माती नको

ज्याला माती नको आहे, त्याला तुम्ही मातीत का पुरता?

प्रश्न उद्धट वाटला तर वाटू द्या. गोड बोलून विचारला असता तर तुम्ही मान डोलावली असती आणि पान उलटलं असतं. मला उत्तर हवं आहे. तुमच्या अंगणात एखादं झाड असेल, घरात एखादी बाई असेल, आणि दोघांच्याही भल्यासाठी तुम्ही हात काळे करून बसला असाल, तर हा प्रश्न तुम्हालाच आहे.

वैशाख पुन्हा आला आहे. धुळ्यात दुपारी रस्ते ओस पडतात. पांझरेच्या पात्रात वाळूच वाळू, मधे एक पाण्याची रेघ. मी काम करतो त्या छापखान्यातली शाई तापून पातळ होते आणि अक्षरांच्या पोटात उतरते. मी राहतो त्या खोलीमागे एक लिंब आहे. त्याच्या फांदीला दोरीचं शिंकं टांगलेलं आहे. शिंक्यात दुधाचं मडकं नाही. त्यात खापऱ्या आहेत, कोळसे आहेत, आणि त्यांच्यावर बसलेली सीतेची वेणी आहे.

सीतेची वेणी सगळ्यांना ठाऊक नसते. रानातल्या जुन्या आंब्यांवर, मोहांवर ती राहते. पानं जाड, लांब, पट्ट्यासारखी. मुळं बोटाएवढी, चांदीच्या रंगाची. पाणी शिंपडलं की क्षणात हिरवी होतात. ती हवेतच लोंबतात, वाऱ्यातून ओल घेतात. ज्येष्ठाच्या तोंडाशी फुलांचा एक झुपका खाली उतरतो, पांढरा, त्यावर जांभळे ठिपके, नेमका गुंफलेल्या वेणीसारखा. वनवासात सीतेने झाडावर टाकलेली वेणी म्हणे ती. सीतेला शेवटी मातीनेच पोटात घेतलं, हे आपण कौतुकाने सांगतो. तिच्या वेणीला मात्र माती सोसत नाही. हे कोणी सांगत नाही.

यंदा शिंक्यातल्या खापऱ्या बदलायला झाल्या होत्या. इथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याने त्यांच्यावर पांढरा थर चढला होता, काही हातात घेतल्या की भुगा होत. नव्या खापऱ्या कुठल्या घ्यायच्या, हा प्रश्न बाजारात सुटणारा नव्हता.

ही वेणी अक्काची. अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव जळगावच्या पूर्वेला, केळीच्या मुलखात. अक्काला दिली होती थेट दुसऱ्या टोकाला, धुळ्याच्याही पलीकडे, जिथे सपाटी संपून डोंगर सुरू होतात. दाजी, म्हणजे तिचे यजमान, जंगलाचे रखवालदार होते. त्यांचं बोलणं अहिराणी, आमचं वेगळं, 'ळ'च्या जागी 'य' म्हणणारं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आम्ही 'आहे'ऐवजी येणाऱ्या त्यांच्या 'शे'ला हसलो होतो. ते म्हणाले होते, "हासा रे हासा, तुमना बठ्ठा गावले मी हासाडी जासू." आणि खरंच सगळ्या गावाला हसवून गेले. त्यांनीच एका पडलेल्या आंब्यावरची वेणी फांदीच्या तुकड्यासकट उचलून अक्काला आणून दिली. दिली तेव्हा एवढंच म्हणाले, "येले माटी नको शे. वारा जोयजे." वारा पाहिजे.

मग मानमोडीची, इन्फ्लुएंझाची साथ आली. तिच्याविषयी वेगळं लिहायला नको. खानदेशात असं घर नाही जिथे ती येऊन गेली नाही. दाजी गेले, त्यांचे आईवडील गेले, धाकटा भाऊ गेला. लाकडं पुरत नव्हती, उचलायला माणसं पुरत नव्हती. कोणाच्या चितेला कोणी आग दिली आणि कोणी नाही, याचा हिशेब त्या दिवसांत कोणी ठेवला नाही. दाजींचा खाकी कोट आणि पितळी बिल्ला तेवढा तत्परतेने परत मागण्यात आला. सरकारला आपल्या वस्तूंची आठवण कधी जात नाही.

मार्गशीर्षात अक्का बैलगाडीतून उतरली. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात ती फांदी. वाटेत फांदी मोडली होती, आत कुजली होती. आई तिच्या गळ्यात पडून रडली. अक्का म्हणाली, "आई, आधी हे कुठी तरी टांगू दे मले."

टांगायला जागा होती. टांगू दिलं गेलं नाही. त्याच आठवड्यात अक्काला ताप आला. ती अंथरुणावर असताना नानांनी, आमच्या वडिलांनी, जे केलं ते प्रेमाने केलं. केळीच्या मळ्यातली काळी माती त्यांनी स्वतः खोदून आणली, चाळणीने चाळली, त्यात कुजलेलं शेणखत कालवलं. मोठी कुंडी भरली. फांदीचा कुजका तुकडा काढून टाकला आणि वेणीला गळ्यापर्यंत मातीत बसवून, चहूबाजूंनी मुठीने दाबून, वर घागरभर पाणी ओतलं. नाना मातीला हात लावत तेव्हा त्यांचा चेहरा देवळात असतो तसा होई. अक्का उठून बसली तेव्हा त्यांनी कुंडी तिच्यासमोर आणून ठेवली.

"घे. आता पाह्य कशी वाढते."

अक्काने बघितलं. "नाना, हिले माती नोको."

"माती नोको? अवं, आपली कायी माती सोनं हाये सोनं. वायलेली काडी खोचली तं तिले पानं फुटतात. मातीबगर काय हवा खाईन का ते झाड?"

"व्हय नाना. हवाच खाते."

नाना हसले. तापात पोर काहीबाही बोलते, असं आईला म्हणाले, आणि रोज सकाळी केळीला घालावं तसं पाणी घालत राहिले. आजारी लेकीला त्यांच्या हातातून तांब्या काढून घेता आला नाही.

आमच्या मुलखाचा हा खास गुन्हा आहे. ज्यांची जमीन बरड असते त्यांना ठाऊक असतं की मातीत न मावणारंही काही असतं. आम्हाला ते कळत नाही. आम्ही इतक्या चांगल्या मातीचे धनी आहोत की कोणी तिला नको म्हणालं तर तो आम्हाला वेडा वाटतो, नाहीतर कृतघ्न.

फाल्गुनात पानं पिवळी पडू लागली. बुंध्याशी काळा डाग दिसला. अक्काने एका दुपारी, नाना मळ्यात असताना, वेणी उपटली. मुळं तिच्या बोटांत केळीच्या ओल्या सोपटासारखी, बुंध्यावरच्या सालीसारखी, सुटून आली. तिने विळ्याने सगळं काळं कापून टाकलं, धुतलं, आणि जे उरलं ते चुलीपाशी लटकणाऱ्या एका रिकाम्या शिंक्यात ठेवून ओसरीवर टांगलं. उरलं होतं अगदी थोडं. चार-सहा पानं आणि दोन मुळं.

त्याच दिवसांत धोंडूमामा, म्हणजे आईचा भाऊ, स्थळ घेऊन आला. आमच्यात पाट लावायची चाल होती. विधवेला दुसरं घर करायला मनाई नव्हती. रावेरकडचा कोणी बिजवर होता.

"केयीचा मया हाये," मामा ओसरीवर मांडी ठोकून सांगत होता, "दोन विहिरी. घरात सासू नाही, नणंद नाही. कंबरभर खोल कायी माती. पोरगी राज करीन."

त्याचं लक्ष शिंक्याकडे गेलं. "हे काय वायत घातलं? भाजी हाये का?"

"झाड हाये," अक्का म्हणाली.

"हे? हे तं बांडगूय! दुसऱ्याच्या जिवावर जगते. फेकून दे."

"बांडगूय झाडाचा रस पेते, मामा. हे नुसतं बसते झाडावर. खाते आपलं सोताचं."

"म्हंजे माह्यासारखं," मामा म्हणाला. "म्या बी नुसता बसतो बहिणीच्या घरी. पन खातो—"

"खातो बी बहिणीचंच!" आई आतून ओरडली.

सगळे हसले. अक्काही हसली. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदाच. मग मामाने नानांकडे वळून विचारलं, "तं मंग काय सांगू त्याईले?" आणि हसू जिथे होतं तिथेच थांबलं.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या इयत्तेत होतो आणि पत्रकांवर वाढत होतो. ज्या वयात इतर मुलं कैऱ्या चोरतात त्या वयात मी हातोहात फिरलेली, घड्यांवर फाटलेली पत्रकं पाठ करत होतो: स्वदेशीची, दारूबंदीची, अस्पृश्यतेविरुद्धची, विधवांच्या पुनर्विवाहाची. शेवटचं मी त्या संध्याकाळी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. नाना शेतीच्या पंचांगाखेरीज छापील कागदाला कधी मान देत नसत. ते खूश झाले. "पयल्यांदा ह्या पोराचा कागद शहान्यासारखा बोलला."

अक्का शिंक्यातल्या वेणीवर पाणी शिंपडत होती. तिने वळून विचारलं, "बापू, त्या कागदात माहं नाव हाये का रे?"

पत्रकात तिचं नाव नव्हतं. विधवेचं लग्न करावं, हे त्यात होतं. आणि ते खरं आहे, आजही मी ते छापतो, उद्याही छापीन. तिला विचारावं, हे त्यात नव्हतं. एका बाजूला जीर्ण रूढी, दुसऱ्या बाजूला सुधारणा, दोघीही हातात खुरपं घेऊन आलेल्या, आणि मधे एक बाई जिला अजून आपल्या माणसासाठी धड रडताही आलेलं नव्हतं. तिने पाटाला कायमचं नाही म्हटलं नव्हतं. "आत्ता नोको" एवढंच ती म्हणत होती. पण नानांना वाटत होतं की उशीर केला तर कूस आणि वय दोन्ही वाया जाईल. आखाजीच्या सणानंतर बैठक ठरवायची, असं त्यांनी मामाला सांगितलं.

तेव्हापासून आखाजीपर्यंत अक्का वेणीसाठी घर शोधत होती. आमचं घर तिला मदत करत होतं, म्हणजे जो तो आपापल्या परीने चुकत होता. आईने केळीचे सोपट दिले. ओल धरतात, मऊ असतात. चार दिवसांत त्यांना आंबूस वास आला. कपाशीच्या काड्या तोडून घातल्या. त्यांना वाळवी लागली. बाभळीचे कोळसे धुऊन घातले, ते मुळांना मानवले, पण चैत्राच्या झळांत दुपारपर्यंत ठणठणीत कोरडे होत. विटेच्या तुकड्यांवर खार फुलला. उकिरड्यावरच्या खापऱ्यांना जुन्या तेलाचा, काजळीचा थर. अक्का प्रत्येक गोष्ट नाकाशी धरायची, पाण्यात बुडवायची, कानशिलाला लावून किती वेळ गार राहते ते बघायची.

"हिले असं काही पायजे," ती एकदा मला म्हणाली, "जे पानी पेईन, हयूहयू देईन, आन मिठी नाही मारनार."

मग आखाजी आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अक्षय्य तृतीयेला खानदेशात दिवाळीहून जास्त मान. सासरच्या लेकी माहेरी येतात, लिंबांना झोके बांधले जातात, दिवसभर गाणी. पुरुष पत्ते कुटतात. आणि घरोघर पितरांची घागर भरतात. कोरी, कुंभाराच्या आव्यातून आलेली. गोड्या पाण्याने भरलेली, वर खरबूज, आंबा, सांजोरी. ज्याच्या नावाची घागर भरली त्याची वर्षाची तहान भागली.

अक्का नानांसमोर उभी राहिली. "नाना, त्याइची घागर भरायची हाये."

"जावायाची घागर माहेरी भरत नाहीत, पोरी. त्याच्या घरी भरतात."

"त्या घरी कोन हाये?"

त्या घरी कोणी नव्हतं. त्या दारावर कडी होती आणि आत चार जणांची तहान. नाना उठले, कुंभारवाड्यात गेले आणि एक घागर जास्तीची घेऊन आले. आमच्या पितरांच्या रांगेपासून थोडी दूर, तिच्या हाताने, ती भरली गेली. बाहेर लिंबावर झोके चालले होते. तिच्या बरोबरीच्या मुली हाका मारत होत्या. विधवेने झोक्यावर बसू नये, असं आमच्यात कोणी म्हणत नाही, तरी ती गेली नाही. घागरीपाशी बसून राहिली. वैशाखाच्या वाऱ्यात घागर पाझरत होती. बाहेरून घामेजली होती, एखाद्या जिवंत माणसाच्या पाठीसारखी.

बैठकीच्या दिवशी मामा सकाळीच आला. पाहुणे दुपारी येणार होते. आईने ओसरी सारवली. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं. अक्का आतून दाजींची घागर घेऊन आली. घागरीत अजून अर्धं पाणी होतं. तिने ते पाणी लिंबाच्या मुळाशी हळूहळू ओतलं. आम्हाला वाटलं, धुणार असेल. तिने घागर खांद्यावर घेतली, लिंबाखालच्या दगडाकडे पाठ केली, आणि खांद्यावरून मागे सोडून दिली.

स्मशानात करतात तशी. बायका तिथे जात नाहीत. ऐकलेलं असतं सगळ्यांनी.

आई ओरडली. नाना धावले. "अवं पोरी! पितराची घागर फोडली?"

अक्का वळली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "त्याइच्या मांगं कोनी फोडली नव्हती, नाना."

शेजारच्या झाडावर एक कोकीळ ओरडत होता, त्याला काय ठाऊक. अक्का खाली बसली आणि खापऱ्या वेचू लागली. मोठ्या बाजूला, लहान बाजूला. ज्यांच्या कडा धारदार होत्या त्या दगडावर घासून. त्या घागरीला तेल लागलं नव्हतं, मीठ लागलं नव्हतं, धूर लागला नव्हता. फक्त पाणी. माती होती ती, पण आगीतून जाऊन आलेली. अशी माती पाणी पिते, हळूहळू देते, आणि मिठी मारत नाही.

"आता काय सांगू मी त्याईले?" मामा डोक्याला हात लावून म्हणाला. "वऱ्हाड यायाच्या आधी नवरीनं घागर फोडली, असं सांगू?"

"तसंच सांग," नाना म्हणाले.

गावाने बोलायचं ते बोलून घेतलं. अपशकुनी, डोक्यावर परिणाम झालेली, रानात राहून बिघडलेली. नाना उरलेला उन्हाळा तिच्याशी बोलले नाहीत. शिंकं ओसरीच्या कोपऱ्यात लटकत होतं. खाली मोठ्या खापऱ्या, वर कोळसे, सर्वांत वर वेणी, गळा मोकळा. आषाढात एके सकाळी मी पाहिलं, तर नाना स्टुलावर चढून शिंकं सोडत होते. मला वाटलं, फेकणार. त्यांनी ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, आढ्याला बांधलं, आणि खाली उभ्या असलेल्या अक्काला विचारलं,

"इथं वारा भेटते का हिले?"

माझ्या आठवणीत, नानांनी अक्काला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"भेटते," ती म्हणाली.

त्यानंतर नवं मूळ आलं. खापरीला चिकटून, टोकाशी पोपटी. अक्का मला ओढत घेऊन गेली होती ते दाखवायला. पण वेणी फुलली नाही. मोडून उठलेलं झाड लगेच फुलत नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. त्या वर्षीच्या भाद्रपदात हिवतापाने अक्का गेली. मरताना तिने काही थोर सांगितलं नाही. पाणी मागितलं, ते आईने दिलं.

पुढच्या ज्येष्ठात वेणी फुलली. हातभर लांब. ओसरीवरून खाली उतरलेली, पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची. गावातल्या ज्या बायकांनी नावं ठेवली होती त्या लेकींना घेऊन पाहायला आल्या. एकीने विचारलं, "तोडून घेऊ का हो केसात माळायला?" आई काही बोलण्याआधी नाना म्हणाले, "नोको. ती जिची हाये तिले माळू द्या."

पुढे मी छापखान्यात कामाला लागलो तेव्हा वेणी शिंक्यासकट धुळ्याला आणली. परवा नाना इथे आले. चाळीसगावला गाडी बदलून, डोक्याला पागोटं, काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. आता त्यांना नीट दिसत नाही. मला वाटलं, आईने खाऊ दिला असेल. त्यांनी लिंबाखाली बसून गाठोडं सोडलं. आत खापऱ्या होत्या. नव्या, लालसर, कडा घासलेल्या.

"आखाजीच्या," ते म्हणाले. "दोन भरल्या व्हत्या. एक त्याची, एक तिची. पंधरा दिवस पानी राहू देलं. मंग फोडल्या."

"तुम्ही फोडल्या?"

"मंग कोन फोडीन?"

दिलेल्या लेकीची घागर माहेरी भरत नाहीत. जावयाची भरत नाहीत. नाना गेली काही वर्षं दोन्ही भरतात, आणि त्यांना अडवायला गावात कोणी येत नाही. आम्ही दोघांनी मिळून वेणी उतरवली. जुन्या खापऱ्यांना मुळं इतकी चिकटली होती की सोडवता येईनात. त्या तशाच राहू दिल्या, भोवती नव्या रचल्या. नाना चाचपून प्रत्येक खापरी ठेवत होते. मधेच त्यांनी मला बजावलं, "माती नोको टाकू हां." जसं काही मीच टाकणार होतो. मी "नाही टाकत" म्हणालो. त्यांचे हात थांबले. मग मुठीतली खापरी त्यांनी पुन्हा एकदा चाचपली आणि मुळाशेजारी ठेवली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. पत्रकांतून मी पुष्कळ मागण्या करत आलो आहे, सरकारकडे, समाजाकडे. ही तुमच्या एका घरापुरती आहे. पुढच्या आखाजीला कुंभाराकडून एक कोरी घागर जास्तीची आणा. तुमच्या आळीत अशी एक बाई नक्की असेल जिच्या माणसाची घागर भरायला त्या घरी कोणी उरलं नाही. तिला तुमच्या ओसरीवर बोलवा. घागर तिच्या हातात द्या. ती कुठे ठेवायची, किती दिवस ठेवायची, आणि मग तिचं काय करायचं, हे तुम्ही सांगू नका. तिला विचारा.